हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी

घरातील कर्ता पुरुष निवर्तल्यानंतर, तेराव्याचे पाहुणे परतीच्या वाटेला लागण्याच्या सुमारास, सासरहून आलेल्या लेकींना माजघरात बसवून घेऊन कोणी वडीलधारा काका किंवा मामा अत्यंत मायेच्या स्वरात एक कागद पुढे करतो आणि 'नोंदीपुरते आहे, तेवढी सही करून टाक' असे सांगतो, तेव्हा त्या कागदाचे नाव काय, त्यात लिहिले आहे काय, आणि तो वाचावयास चार दिवस मागून घेतले तर बिघडेल काय, यांपैकी एकही प्रश्न तोंडातून बाहेर पडण्याची सोय त्या लेकीला उरलेली नसते. शोक ताजा असतो, भाऊ समोर बसलेला असतो, आणि जमिनीचा विषय काढणारी बहीण ही माहेराला मुकते हे तिने लहानपणापासून दहा घरांच्या कहाण्यांतून ऐकलेले असते. ज्या गोष्टीविषयी त्या क्षणी विचारता येत नाही, तिची माहिती तो क्षण येण्यापूर्वीच करून घेणे हा एकच मार्ग शहाणपणाचा, आणि म्हणून हा लेख.

प्रथम कायद्याची स्थिती. हिंदू स्त्रियांना वारसाहक्क देणारे हिंदू संहिता विधेयक लांबणीवर टाकले गेले, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 साली केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा देण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याच प्रयत्नाचे फलित म्हणून आलेल्या 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मृत्युपत्र न करता निवर्तलेल्या पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवा, मुलगा, मुलगी आणि हयात असल्यास त्या पित्याची आई, या सर्वांना समान हिस्सा दिलेला आहे, हे मात्र आजही अनेक घरांत नवीन वाटते. पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी मागे राहिली, तर प्रत्येकाचा वाटा चार आणे. त्यात लेकीचा तीन आणे आणि लेकाचा पाच आणे असा भेद नाही. वडिलार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मात्र मुलगी जन्मतः सहदायाद मानली जात नसे. ती उणीव महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून, पण केवळ त्या तारखेस अविवाहित असलेल्या मुलींपुरती, भरून काढली. केंद्राच्या 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने ती अटही राहिली नाही. आणि विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, मुलीचा हा हक्क जन्माने मिळालेला असल्यामुळे 2005 च्या त्या दिवशी पिता हयात असलाच पाहिजे असे नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्रीव्यवहार तेवढे अबाधित राहतात. पित्याचे निधन 1956 पूर्वीचे असेल तर प्रश्न निराळा व गुंतागुंतीचा होतो, आणि त्यासाठी वकिलासमोर कागद ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे: पित्याने स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राने कोणा एकालाच दिली असेल, तर मुलीला तीत वाटा मागता येत नाही, आणि वगळल्या गेलेल्या मुलालाही येत नाही. लेकीचा हक्क लेकाइतका आहे. त्याहून अधिक नाही.

हा सारा विचार हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांपुरता झाला. मुस्लिम कुटुंबात शरियतीप्रमाणे मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, परंतु निश्चित आणि नाकारता न येणारा असतो. ख्रिस्ती कुटुंबात 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने मुलगा व मुलगी समान. अनुसूचित जमातींना 1956 चा कायदा लागू नाही, पण त्यांच्यातील स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर तिला वाटा नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिला आहे. गोव्यातील वाचकांची गोष्ट तर आणखी वेगळी: तेथे पोर्तुगीज अमदानीतील दिवाणी संहितेच्या परंपरेने पतिपत्नींची मिळकत सामाईक धरली जाते, आणि मुलामुलींसाठी राखून ठेवावयाचा अर्धा भाग पित्याला मृत्युपत्राने देखील हिरावता येत नाही. आमच्या बाजूच्या भगिनींनी याचा हेवा करावा, असेच मला वाटते.

आता सातबाऱ्याकडे वळू. कारण हक्क कायद्यात असतो, पण त्याची पायमल्ली होते ती बहुधा गाव नमुना सातवर. हा उतारा हाती आला की पुष्कळजण गट नंबर आणि क्षेत्र पाहून तो घडी घालून ठेवतात. तसे न करता दोन ठिकाणी नजर स्थिर करावी. डाव्या बाजूस भोगवटादाराचे नाव असते; जमिनीचे धारक म्हणून ज्यांना सरकारदप्तर ओळखते त्यांची नावे तेथे येतात. उजवीकडे 'इतर अधिकार' असा रकाना असतो, आणि तो वस्तुतः बँकेचा बोजा, विहिरीतील पाण्याचा हिस्सा, वहिवाटीचा रस्ता अशा गोष्टींसाठी आहे. जुन्या फेरफारांत लेकींची नावे पुष्कळदा याच रकान्यात, सोसायटीच्या कर्जाच्या शेजारी, टाकून दिलेली आढळतात. आणि बहिणीने विचारणा केली तर 'तुझे नाव आहे की सातबाऱ्यावर' असे उत्तर देऊन तिचे समाधानही करता येते. काही उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावामागे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असा शेरा असतो, आणि त्या तीन अक्षरांच्या आड धाकटे भाऊ, आई आणि बहिणी या सर्वांचे हिस्से वर्षानुवर्षे अदृश्य होऊन बसलेले असतात. उताऱ्यावर फेरफाराचे क्रमांक छापलेले असतात. त्या प्रत्येक क्रमांकाची नक्कल मागवून वाचावी, म्हणजे कोणाचे नाव कोणत्या साली आणि कोणत्या कारणाने चढले व उतरले याचा इतिहास हाती येतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता महाभूमीच्या संकेतस्थळावरून अल्प शुल्कात कोणालाही काढता येतो. त्यासाठी भावाची परवानगी लागत नाही, आणि गावी जाऊन कोणाच्या नजरेत येण्याचीही गरज नाही.

वारसनोंदीचा मार्ग असा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 अन्वये, वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, द्यावयाची असते. ही वर्दी वारसांपैकी कोणीही एकाने दिली तरी चालते. म्हणजे भाऊ दिरंगाई करीत असतील तर बहिणीने स्वतःच अर्ज करावा, मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे, नाते व पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र जोडावे, आणि अर्जाची तारीखवार पोच घेतल्याखेरीज कचेरीतून पाऊल बाहेर टाकू नये. सर्व वारस म्हणजे सर्व. आपले नाव घालून धाकट्या बहिणीचे गाळणे हाही अन्यायच, आणि तो करणाऱ्या थोरल्या बहिणी अगदीच विरळा नाहीत. पुढे चौकशी होऊन वारसांची नोंद गाव नमुना सहा-क मध्ये होते, फेरफार लिहिला जातो, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. या पंधरा दिवसांना फार मोल आहे. नोटीस सासरच्या पत्त्यावर न येता माहेरच्या पत्त्यावर जाते, ती भाऊ किंवा भावजय सही करून घेते, आणि ज्या बहिणीचे नाव वगळले आहे तिला त्याचा पत्ता लागत नाही, असे घडू नये म्हणून अर्जातच सासरचा पूर्ण पत्ता व भ्रमणध्वनी क्रमांक लिहून ठेवावा. नोंद चुकीची झाली तर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते, आणि सबळ कारण दाखविल्यास विलंबही माफ होऊ शकतो. केवळ लेखनप्रमाद असेल तर तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज पुरतो. सातबाऱ्यावर नाव नसले म्हणून मालकी बुडत नाही, कारण महसुली नोंद हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. तथापि ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, आणि जिचे नाव नाही तिच्या संमतीविना जमीन विकणे वा तारण ठेवणे सोपे होते, हे विसरून चालणार नाही.

नावाचा घोळ हा येथला नित्याचा अडसर आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधार पत्रावर सासरचे, शिधापत्रिकेवर लग्नात बदललेले, आणि गावात सर्वांच्या तोंडी चौथेच, अशी एकाच स्त्रीची चार नावे दप्तरात फिरत असतात, आणि ऐनवेळी 'ही तीच कशावरून' असा प्रश्न तिलाच विचारला जातो. विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. ज्यांनी ते बदलले आहे त्यांनी विवाहनोंदणीचा दाखला जपावा, किंवा राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा, आणि फेरफारात माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे 'ऊर्फ' घालून लिहावयास सांगावे. ज्या व्यक्तीची लिंगओळख जन्मनोंदीहून भिन्न आहे, तिच्यापुढे हाच प्रश्न अधिक कठोर स्वरूपात उभा राहतो. लेकाचा आणि लेकीचा वाटा हिंदू कायद्यात आता सारखाच असल्यामुळे पुत्र म्हणून नोंदलेले अपत्य कन्या म्हणून जगू लागले तरी हिश्शात पैचाही फरक पडत नाही; परंतु कागद जुळले पाहिजेत, आणि त्यासाठी 2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमान्वये जिल्हाधिकाऱ्याकडून मिळणारे ओळखप्रमाणपत्र वारसनोंदीच्या अर्जासोबत जोडणे इष्ट. घराबाहेर काढलेल्या अपत्याचा वारसा घराबाहेर जात नाही.

आता प्रत्यक्ष हक्कसोडपत्राविषयी. स्थावरातील हक्क तोंडी सोडता येत नाही, तलाठ्यापुढे साध्या कागदावर 'मला हिस्सा नको' असे लिहून दिल्यानेही तो सुटत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदणी झालेला दस्तच लागतो. असा साधा जबाब घेऊन एखाद्या बहिणीचे नाव कमी केले गेले असेल, तर ती नोंद आव्हान देण्याजोगी आहे. वडील हयात असतानाच त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीतील भावी वारसा मुलींकडून लिहून घेण्याचीही प्रथा काही घरांत आहे. जो हक्क अद्याप जन्मलाच नाही त्याचे हस्तांतर कायदा मानीत नाही, मात्र त्यापोटी पैसे घेतले असतील तर पुढे ते अंगाशी येऊ शकते.

दस्ताचा मसुदा दोन दिवस आधी हाती मागावा, आणि तो स्वतः किंवा भावाच्या वकिलाहून अन्य कोणाकडून वाचून घ्यावा. वाचताना मिळकतीच्या वर्णनावर बोट ठेवावे. बोलणे झालेले असते गावच्या तीन एकरांपुरते, आणि दस्तात 'सर्व स्थावर व जंगम मिळकत' असा सर्वभक्षक शब्दप्रयोग येतो. मग तालुक्याच्या गावचा प्लॉट, बँकेतील ठेव आणि आईचे दागिने, सारेच त्याच सहीने निघून जाते. ज्या गटातील हक्क सोडावयाचा त्याचाच क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा लिहावी, अन्य काही लिहू देऊ नये. दुसरे कलम मोबदल्याचे. मोबदला घेतला नसेल तर 'रोख पावला' असे लिहू देऊ नये, आणि घेतला असेल तर तो धनादेशाने घ्यावा व त्याचा क्रमांक दस्तात घालावा. हक्क कोणाच्या लाभात सोडला जात आहे, सर्व सहहिस्सेदारांच्या की एकट्या थोरल्या भावाच्या, हेही तेथेच स्पष्ट असले पाहिजे. पुष्कळ बहिणी आईसाठी म्हणून सही करतात आणि कागद आईचे नावही काढून टाकणारा असतो.

निबंधकाच्या कचेरीत छायाचित्र निघते, अंगठ्याचा ठसा घेतला जातो, ओळख पटविणारे साक्षीदार उभे राहतात, आणि दस्त लिहून दिल्याचे कबूल आहे काय, असे विचारले जाते. हा प्रश्न यांत्रिकपणे विचारला जातो आणि मान हलवून त्याचे उत्तर दिले जाते; परंतु दस्त लिहून देणाऱ्याने तो लिहून दिल्याचे तेथे नाकारले, तर निबंधकाला त्याच्यापुरती नोंदणी नाकारावी लागते, अशी 1908 च्या नोंदणी अधिनियमाची तरतूद आहे. म्हणजे कागद न वाचता तिथवर आणली गेलेली, सहीसाठी हात धरला गेलेली स्त्रीही त्या मेजासमोर 'कबूल नाही' हे दोन शब्द उच्चारू शकते. फसवणुकीने घेतलेला दस्त रद्द करून घेण्यासाठी दावाही लावता येतो, पण त्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. भाऊबीज गोड व्हावी म्हणून ती वर्षे गप्प राहून घालवू नयेत. आणि आईच्या किंवा बहिणीच्या नावाचे 'सर्वाधिकार' मुखत्यारपत्र हे हक्कसोडपत्राचेच धाकटे भावंड समजावे; त्यावर सही करताना तितकीच सावधगिरी हवी.

येथे जे युक्तिवाद ऐकू येतात ते ठरलेले आहेत. 'तुझ्या लग्नात खर्च झाला, तोच तुझा वाटा' हे सर्वांत प्रचलित. पण विवाहखर्चाला कायद्यात वाटणीची किंमत नाही, आणि हुंड्याचा हिशेब मांडावयाचा तर तो देणेघेणेच 1961 पासून गुन्हा आहे. 'जमिनीचा तुकडा पडेल' असे म्हटले जाते. नाव लागल्याने तुकडा पडत नाही, सामाईक खातेदार म्हणून सर्वजण एकाच सातबाऱ्यावर राहू शकतात, व कसणारा भाऊ कसत राहतो. 'राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नाही' हे 2005 पर्यंत खरे होते, आता नाही. विधवेने पुनर्विवाह केला म्हणजे पूर्वी मिळालेला नवऱ्याचा वारसा परत द्यावा लागतो, हीही समजूत निराधार. बँकेत नामनिर्देशित व्यक्ती म्हणून भावाचे नाव आहे एवढ्यावर ठेव त्याची होत नाही. तो ती रक्कम स्वीकारतो, मालक वारस असतात.

एक युक्तिवाद मात्र कायद्याने खोडून निघत नाही, तो माहेराचा. प्रत्येक बहिणीने वाटा घेतलाच पाहिजे असे मी म्हणणार नाही. कोरडवाहू दोन एकरांवर संसार ओढणाऱ्या भावासाठी, किंवा त्याच घरात राहणाऱ्या आईसाठी, समजून उमजून हक्क सोडणारी स्त्री मला मोठीच वाटते. परंतु ती देत आहे हे तिला ठाऊक असले पाहिजे, आणि घेणाऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे. ज्या माहेराचा दरवाजा केवळ एका सहीच्या किल्लीने उघडा राहतो, तेथे सही करूनही तो किती दिवस उघडा राहील, याचा विचार वाचक भगिनींनी स्वतःच करावा. मधले मार्गही असतात: सगळा नव्हे तर काही हिस्सा सोडणे, घरातील एका खोलीचा तहहयात वापर राखून ठेवणे, आधी वारस म्हणून नाव लावून घेऊन हक्कसोडीचा निर्णय वर्षभराने करणे. हा शेवटचा मार्ग मला सर्वांत प्रशस्त वाटतो, कारण तेराव्याच्या दिवशी घेतलेला निर्णय वर्षश्राद्धानंतर बहुधा तसाच राहत नाही.

ज्या स्त्रीच्या नावावर काहीही आहे तिने मृत्युपत्र करावे. 1955 मध्ये विवाह झालेली एक तरुणी तीन महिन्यांतच सर्पदंशाने विधवा झाली. सासरच्यांनी तिला घालवून दिले. आईवडिलांनी शिकविले, ती नोकरीला लागली, आणि चार दशकांनी मृत्युपत्र न करता, स्वतःच्या कमाईची बऱ्यापैकी पुंजी मागे ठेवून, 1996 साली वारली. आई हयात होती. तरीही 1956 च्या कायद्याचे पंधरावे कलम अपत्यहीन विधवेच्या स्वकष्टार्जित धनावर पतीच्या वारसांना आईच्या आधी बसविते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात ती पुंजी त्याच सासरच्या पक्षाला दिली, आणि केवळ सहानुभूतीने निर्णय करता येत नाही असे नमूद केले. ते कलम अजूनही कायद्यात आहे. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या समक्ष केलेले मृत्युपत्र पुरेसे असते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. साक्षीदार मात्र लाभार्थी नसावेत.

आणि वकील परवडत नाही ही सबब स्त्रीपुरती तरी उरलेली नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या बाराव्या कलमान्वये कोणत्याही स्त्रीला, तिचे वा तिच्या पतीचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळते. तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समितीची कचेरी असते, आणि 15100 हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. मसुदा हातात पडला की सहीच्या आधी तेथे जावे.